धुराकडची चूल

मी म्हटलं, "लाकूड मागं ओढ," आणि नवसीनं आधी गोजराकडं बघितलं. मग ओढलं. एवढंच झालं. डाळ उतू जायची ती गेली नाही, भाकरी करपायची ती करपली नाही, बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसांच्या ताटात जे पडायचं ते वेळेवर पडलं. कुणाला सांगितलं तर म्हणेल, बाई, तुला काम नाही दिसत. पण मी ती नजर बघितली. पाटावर बसायला जावं, पाट जरा मागं असावा, आणि मधल्या त्या क्षणी माणूस हवेतच बसलेलं असतं, तसं माझं झालं. हाताला भाकरी होती, ती मी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली. हात आपलं काम करत राहिले. मी मात्र तिथंच राहिले, त्या नजरेत. नवसी पाणी भरणारी, लाकडं फोडणारी, डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी बाई. दिवसात चार शब्द बोलली तर पुष्कळ. तिला ठेवलं मी. मजुरी ठरवली मी. ताप आला तेव्हा स्वतःची वाकळ तिच्या अंगावर टाकली मी. आणि हुकूम माझा ऐकून तिनं विचारलं कुणाला, तर गोजराला, जी तिकडं कोपऱ्यात धुरात तोंड घालून बसलेली, जिला हे विचारलंय हेसुद्धा कळलं नव्हतं.

आमची खाणावळ म्हणजे पत्र्याची शेड. बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, पाम गाव यायच्या अलीकडं. समुद्राकडं ॲटमिकच्या वीजघराचं काम निघालं आणि आमच्या जालन्याकडची माणसं ठेकेदाराच्या ट्रकांत बसून इकडं आली, त्यात आमचे नागोराव आले, त्यांच्या मागं मी. इथली माणसं भात खाणारी, मासळी खाणारी. आमच्या माणसांचं भातानं पोट भरेना. मी एक चूल मांडली आणि दारात बसून भाकरी थापायला लागले. त्या एका चुलीच्या चार झाल्या. दोन वर्गांच्या पलीकडं शाळा मी बघितली नाही, पण कोणत्या पाळीला किती माणूस येणार, कुणाला तिखट लागतं, कुणाची आई गावाकडं आजारी आहे, सगळं माझ्या डोक्यात. रेशनवर लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, यायला लागली तेव्हा बायका रडकुंडीला आल्या होत्या, पीठ थापलं की चिरायचं. उकळत्या पाण्यात पीठ मळून, गरम असतानाच मी भाकरी थापून दाखवली. हात पोळले, पण भाकरी चिरली नाही. मी काही कुणाला हात जोडून वर आले नाही. आवाजानं आले. माझा आवाज पत्र्याला लागून परत येतो, असं नागोराव म्हणतात. ते सिमेंटच्या गोदामावर राखणीला असतात, दुपारी जेवायला येतात आणि जेवता जेवता मला बोलून घेतात. "तुला चुलीची गरज नाही," म्हणतात, "तुझं तोंडच पेटलेलं असतं."

चार चुली एका ओळीत. दुपार झाली की समुद्राकडून वारा सुटतो आणि चारी चुलींचा धूर ढकलत ढकलत शेवटच्या चुलीवर नेऊन टाकतो. तिला आम्ही धुराकडची चूल म्हणतो. तिथं बसलेल्या बाईचे डोळे संध्याकाळी मिरची चोळल्यासारखे होतात, रात्री खोकला झोपू देत नाही. ती चूल माझ्या फार उपयोगाची होती. जी उशिरा आली, जी मीठ विसरली, जिनं माझ्या माघारी तोंड वाकडं केलं, तिला मी तिथं बसवायची. फार बोलावं लागत नसे. "आज तू तिकडं," एवढं म्हटलं की झालं. पामची आनंदी, माझ्याकडं पहिल्यापासून असलेली, ती तर हसत म्हणायची, "मावशीचा तुरुंग हाय तो." आणि मग गोजरा आली. परभणीकडची. हाडाची, काळी, मान खांद्यात घातलेली बाई. नवरा कामावर होता, तो कुठंतरी निघून गेला होता, तिच्याजवळ एक गाठोडं होतं. मी म्हटलं, बस. ती चारी चुली ओलांडून गेली आणि धुराकडच्या चुलीपुढं बसली. मला वाटलं, नवी आहे, हिला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, अगं, इकडं ये, तिथं धूर लागतो. "चालतंय, बाई," म्हणाली. तेव्हा मी मनात म्हटलं, बरी आहे, गरीब आहे. पुढं आनंदीनं वरणात दोनदा मीठ घातलं, मी तोंड उघडलं, "आज तू तिकडं" म्हणायला, आणि बघते तर तिकडं गोजरा. शिक्षेची जागाच तिनं घेऊन टाकलेली. मग मी आनंदीला नुसतंच बोलले, आणि नुसतं बोलणं हवेत जातं. तेव्हा हे मला कळायला पाहिजे होतं. ती नजर पडायच्या कितीतरी आधी.

त्या दिवसापासून मी गोजराकडं बघायला लागले. सासू सुनेकडं बघते तसं नव्हे, जनावर विकत घेताना बघतात तसं. ती काही करत नव्हती. हेच तर होतं, ती काही करत नव्हती. करपलेली भाकरी बाजूला पडली की ती न बोलता आपल्या पदराखाली ठेवायची, तीच तिचं जेवण. आम्ही जेवून उठलो की ती बसायची, पाठ करून, भिंतीकडं तोंड. आनंदीच्या हाताला चटका बसला तर तिच्या वाटणीचं पीठ हिनं मळलेलं असायचं, सांगायचं नाही. मी जेवायचे सगळ्यांत आधी. माझं चुकत नव्हतं. चव मी बघायची, मीठ कमी तर मी सांगायचं, खराब असेल तर माझ्या पोटात आधी जायचं. पण आता घास तोंडात घालताना मला माझे दात ऐकू यायला लागले. समोर बाकीच्या बायका बसलेल्या, मी जेवते आहे आणि त्या बघताहेत, आणि त्यांच्या डोळ्यांत ती पाठमोरी बाई आहे. गावाकडं कापूस वेचणीच्या दिवसांत माझी आई बायकांची टोळी घेऊन रानात जायची. सगळ्यांच्या पुढं ती, पदर खोचून, हात असे चालायचे की बोंडं आपणहून तिच्या ओच्यात पडताहेत असं वाटावं. ती कधी मागं वळून बघत नसे. मागून सरसर आवाज यायचा, तो तिला पुरे व्हायचा. मी लहान, बांधावर बसलेली. एका दुपारी तिनं का कोण जाणे मान वळवली. मागं बायका पाणी प्यायला थांबल्या होत्या, कडेच्या बाभळीखाली, बोलत होत्या, हसत होत्या. वाईट काही नव्हतं. पण आई त्या मोकळ्या ओळीकडं बघत उभी राहिली, ओच्यात कापूस धरून, आणि तिचं तोंड मी आजही बघते. मला तेव्हा वाटलं होतं, तिला ऊन लागलं.

नागोरावांना मी नजरेचं सांगितलं नाही. असलं काय सांगणार. पण त्यांनी ओळखलं असावं, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "ती गोजराबाई खाली बसती. तू वर बसती. माणसाला खाली बसणाऱ्याचं बरं वाटतं. तू पण बसून बघ की जरा." मी म्हटलं, "मी खाली बसले तर वर कोण बसंल, तुम्ही?" ते हसले, हात धुवून गेले. बोलून गेले, पण ते बोलणं माझ्या अंगात कुसळासारखं राहिलं. वरून दिसत नाही, कपडा सरकला की टोचतं. मला वाटलं, त्यात काय आहे. आवाज माझ्याकडं आहे, अक्कल माझ्याकडं आहे, हिंमत माझ्याकडं आहे. फक्त वाकणं तेवढं नाही. तेही करू. मीठ कमी पडलं तर घालतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी धुराकडच्या चुलीपाशी गेले आणि गोजराला म्हटलं, "ऊठ. आजपासून इथं मी." ती उठली. पीठ लागलेले हात तसेच पुढं धरून उभी राहिली, आणि तिचं तोंड पांढरं पडलं. "माझं काय चुकलं, बाई?" मी म्हटलं, "काही नाही चुकलं. मी बसते म्हटलं ना." हे बोलताना आवाज थोडा चढला, तो मी खाली ओढला. सगळ्या चुलींवरचे हात थांबले होते. आनंदी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तुमी कोणावर रागावल्या हाय काय? घरात काय झालं काय?" मी रागावले असेन, नाहीतर दुखण्यात असेन, नाहीतर खाणावळ मोडून गावाकडं निघाले असेन, तीन दिवस त्यांचं हेच चाललं होतं, मी आले की गप्प. आणि धूर. लांबून बघितलेला धूर वेगळा आणि नाकातोंडात गेलेला वेगळा. तो आधी डोळ्यांत येत नाही, घशात येतो, गोडसर. मग डोळे आपोआप मिटतात आणि मिटल्यावर आतून जळतात. भाकरी दिसत नाही, तव्याच्या वाफेवरून उलटायची. दुपारभर मला कुणी दिसलं नाही. बोलणं ऐकू यायचं, पण कोण कुणाला काय म्हणतंय ते धुराच्या पलीकडं. मी मनात म्हटलं, गोजरा इथं बसून सगळ्यांच्या मनात कशी गेली? हिला तर कुणी दिसतही नसणार.

जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही वाढून घ्या, मी मागून बसते." आनंदी, नवसी बसल्या, खालमानेनं. गोजरा उभी. मी म्हटलं, "बस की." "तुम्ही आधी, बाई." "नाही, तू." "तुम्ही जेवल्याशिवाय कशी बसू?" मी हात धरून तिला बसवायला गेले तर ती भिंतीला जाऊन टेकली. मग मीही बसले नाही, तीही बसली नाही. वरणावर साय धरली, माश्या बसल्या. आनंदी तोंडात घास धरून आमच्याकडं बघत म्हणाली, "मंग आमी काय करू, उठू काय पानावरनं?" रोज असंच. कधी मी जिंकायचे, कधी ती. जी शेवटी जेवायची तिच्या वाट्याला गार, करपलं, खरवडलेलं. मी ते खायचे आणि मला वाटायचं, आज मी एक पायरी चढले. म्हणजे बघा, खाली बसायला निघाले होते आणि पायऱ्या मोजत होते. पण तेव्हा हे हसू आलं नाही. चूळ भरून मी बायकांची तोंडं बघायची, कुणाची नजर माझ्याकडं वळली का.

वळली नाही. उलट सगळंच जरा सैल झालं. मी ओरडत नव्हते, म्हणून कुणी कशाची घाई करत नव्हतं. वाईटपणानं नाही, घाई कधी करायची ते त्यांना माझ्या आवाजावरून कळायचं आणि आवाज मी काढून घेतला होता. कामावरचं जेवण न्यायला ट्रक येऊन उभा राहायचा, भोंगा वाजवायचा, आणि भाकऱ्या अजून तव्यावर. मी म्हणायची, "काय करू या गं, आधी भाकऱ्या देऊ का वरण?" आनंदी म्हणायची, "तुमी सांगा." गोजराला विचारलं तर, "तुम्ही म्हणाल तसं." मी म्हणायची, "नाही, तुम्हीच सांगा आता." पितळेच्या मोठ्या पातेल्याची कल्हई उडाली होती. बुडाशी पिवळं पिवळं दिसायला लागलं होतं. एरवी मी पालघरला माणूस पाठवून कल्हईवाला आणवला असता, भट्टी दारात पेटली असती आणि संध्याकाळी पातेल्यात तोंड दिसलं असतं. आता मी गोजराला विचारलं, "कल्हई करून घ्यावी का?" ती पातेल्यात बघून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती पदरानं पातेल्याची कड पुसायला लागली. मी थांबले. तिला काहीतरी वाटेल, ती बोलेल, मग मी तिचं ऐकेन, आणि सगळ्यांना दिसेल की मी ऐकते. ती बोलली नाही. पातेलं तसंच चुलीवर चढत राहिलं. कोरडी डाळ, भात, आंबट काही नाही, तोवर ठीक होतं.

त्या दिवशी गरमी फार होती आणि आमच्या माणसांनी चिंचेचं वरण मागितलं. सकाळीच करून दुसऱ्या पाळीसाठी त्याच पातेल्यात झाकून ठेवलेलं. दुपारी मी झाकण उचललं. वास आला. आंबट नव्हे, त्याच्या खालचा, ओल्या पैशाला येतो तसा. मी बोट बुडवून जिभेला लावलं आणि जीभ आखडली. कळकलं होतं. शेतावर ताक कळकतं, माझ्या आईनं घागरीच्या घागरी उकिरड्यावर ओतलेल्या मी बघितल्यात, कुणाला न विचारता. गोजरा माझ्या शेजारी उभी होती. तिलाही वास आला, तिच्या नाकपुड्या हलल्या. मी तिच्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काय करावं गं याचं?" हळू म्हटलं, शिकले होते तसं. आनंदी लांबून म्हणाली, "मना काय म्हायीत, मावशी, तुमी बगा." बाहेर भोंगा वाजला. परत वाजला. मी झाकण हातात धरून उभी, वाफ तोंडावर येतेय, आणि माझ्या घशात तो जुना आवाज येऊन बसला होता, ओतून द्या, एवढाच. आता ओरडले तर आजवरचं सगळं धुरात खाल्लेलं, गार खाल्लेलं, वाया. यांच्यापैकी एकीनं म्हणावं. एकदा म्हणावं. थांबणं म्हणजेच खाली बसणं असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "तुम्ही म्हणाल तसं, बाई," गोजरा म्हणाली. तेवढ्यात ट्रकवरचा माणूस आत आला, "अरे क्या चल रहा है, जल्दी दो," म्हणत त्यानं आणि नवसीनं पातेलं दोन बाजूंनी उचललं आणि नेलं. झाकण माझ्या हातातच राहिलं.

दिवेलागणीपर्यंत माणसं ओकायला लागली. कामावरून खांद्यावर टाकून आणली, पत्र्याच्या खोल्यांपुढं ओळीनं निजवली. हिरवं पाणी पडत होतं. मी ताक घेऊन फिरत होते, दूध घेऊन फिरत होते, डोकी धरत होते. एक माझ्या गावाकडचाच, रामकिसन नावाचा, माझा हात धरून म्हणाला, "मावशी, तुमच्या हातचं खाल्लं म्हणून वाचंन मी." त्याला काही ठाऊक नव्हतं. पालघरहून डॉक्टर आला, त्यानं सुया टोचल्या. माणसं वाचली. सगळी वाचली. पण रामकिसन पुढं उभा राहिलाच नाही नीट, त्याला गावाकडं पाठवलं.

सकाळी ठेकेदाराचा मुकादम चंद्रभान आला. हा माणूस ओरडत नाही, खुर्ची मागवतो. खुर्ची नव्हती, तो पिंपावर बसला आणि म्हणाला, "कुणी केलं हे?" आमच्या ओळीत गोजरा शेवटी उभी. त्याचा प्रश्न संपायच्या आत ती म्हणाली, "मी." मी म्हटलं, "गप बस." मग त्याच्याकडं वळून म्हटलं, "खाणावळ माझी. पातेलं माझं. झाकण मी उघडलं, वास मला आला, चव मी घेतली. मी केलं." आवाज होता तो माझा, पत्र्याला लागून परत येणारा. इतक्या दिवसांनी काढला होता. चंद्रभान हसला, वाईट नाही हसला, ओळखीचं हसला. "रंभामावशी," म्हणाला, "तुम्ही सगळ्यांचंच अंगावर घेता. मागं या आनंदीबाईनं आमच्या माणसाला उलथनं मारलं, तेव्हापण तुम्हीच मारलं होतं." हे खरं होतं. त्या माणसानं आनंदीचा हात धरला, तिनं तापलेलं उलथनं त्याच्या मनगटावर ठेवलं, आणि मी पुढं होऊन म्हटलं होतं, मी मारलं, बोला. ते खोटं तेव्हा सगळ्यांना पटलं होतं आणि सगळ्यांना ठाऊकही होतं. आता खरं बोलले तर ते कुणाच्या कानात शिरेना. "वरच्यांना एक नाव द्यावं लागतं," तो म्हणाला. "ही म्हणतेय मी केलं. हिला काढा, तुमचं चालू ठेवतो. नाहीतर शेडला कुलूप." मी म्हटलं, "लावा कुलूप." आणि मान वळवली, माझ्या बायका माझ्या मागं आहेत का बघायला.

त्या गोजराकडं बघत होत्या. सगळ्या. मागितलं काहीच नाही कुणी तिच्याकडं. नुसतं बघत होत्या. आनंदीच्या घरी तीन तोंडं होती खाणारी, नवसीच्या पाड्यावर दुसरं काम नव्हतं. गोजरानं हात पदराला पुसले आणि आत जाऊन गाठोडं घेऊन आली. मी ओरडले, "गोजरा, बस खाली." नवसी दचकली, चंद्रभान दचकला. गोजरा थांबली, माझ्याकडं तोंड केलं, आणि पहिल्यांदा मला दिसलं की तिचे डोळे पिवळसर आहेत, धुरानं कायमचे झालेले. मग ती रस्त्याला लागली. कुणी हात धरला नाही. मीही नाही. मला वाटलं, शब्द पुरेल.

पुढं कळलं की ती वाणगावला आहे, गवताच्या वखारीत. उन्हाळ्यात तिथं डोंगरावरचं गवत येतं, दाबून त्याच्या गाठी बांधतात आणि मुंबईला तबेल्यांना पाठवतात. मी बोईसरला गाडीत बसून गेले. आयुष्यात मी कुणाला बोलवायला गेले नव्हते. वखारीत सगळीकडं गवताची धूळ उडत होती, उन्हात सोन्यासारखी, आणि आत शिरताच खोकला येणारी. गोजरा डोक्यावर भारा घेऊन ओळीतून येत होती, ओळीत शेवटची. मला बघून भारा न टाकता उभी राहिली. मी म्हटलं, "टाक ते. चल." तिनं दोन्ही हातांनी भारा घट्ट धरला. मी म्हटलं, "तू का म्हणालीस तसं? तू कुठं केलं होतंस?" ती खाली बघत म्हणाली, "कुणी मोठ्यानं 'कुणी केलं' विचारलं, बाई, की माझ्या तोंडातून 'मी'च निघतं. लग्न झाल्यापासून. तसं म्हटलं की मार लवकर संपायचा." हे तिनं असं सांगितलं जसं कुणी सांगावं मला डाव्या हातानं जेवता येत नाही. मी म्हटलं, "आणि धुरात का बसायचीस?" "धुरात माणूस दिसत नाही ना," ती म्हणाली. "कुणी बघितलं की मला घास गिळवत नाही. थापताना हात कापतो. तिथं बरं होतं." डोक्यावरच्या भाऱ्यातून गवताची काडी तिच्या तोंडावर आली होती, ती तिनं फुंकून बाजूला केली. मग म्हणाली, "तुम्ही तिथंपण येऊन बसला, तेव्हा मला लई भ्या वाटलं."

मी उभी होते. माझ्या सगळ्या बायका जिच्याकडं बघत होत्या, मी जिच्यासारखं व्हायला धूर प्यायले, गार भाकरी खाल्ली, कळकलेल्या पातेल्यावर तोंड शिवून उभी राहिले, ती बाई नुसती भ्यालेली होती. आणि त्या तिच्याकडं का बघायच्या मग? कदाचित त्यांनाही माझं भय वाटत असेल आणि भ्यालेल्यानं भ्यालेल्याकडं बघितलं असेल, एवढंच. मी म्हटलं, "मी आहे ना. तुला कुणी काही बोलणार नाही. चंद्रभानला मी बघते. चल, गोजरा." यापेक्षा मऊ मला बोलता येत नाही, यापेक्षा मऊ मी कधी बोलले नाही. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाई." आणि तशीच उभी राहिली. मी वाट बघितली. मागून कुणीतरी ओरडलं, तशी ती भारा सावरून ओळीत शिरली, आणि गवताच्या धुळीत कोणती ती मला ओळखू येईना.

खाणावळ चालू आहे. कल्हईवाला येऊन गेला. पातेल्यात इतकं स्पष्ट तोंड दिसतं की मी झाकण ठेवूनच उचलते. मी परत आधी जेवते. चव मी बघते, ओरडते मी, ट्रक वेळेवर जातो. कुणी चुकलं तर धुराकडच्या चुलीवर कुणाला बसवत नाही, आणि आपणहून तिथं कुणी बसत नाही. ती चूल दुपारी रिकामीच असते, बाकीच्या तिघींचा धूर तिच्यावर जाऊन बसतो आणि उठतो. काल वरण वर आलं. आवाज घशात तयार होता. मी तोंड उघडलं, आणि माझेच डोळे आधी तिकडं गेले, त्या चुलीकडं. तिथून परत यायला त्यांना वेळ लागला.

"तटं कोनी नाय, बाय," नवसी म्हणाली, आणि न सांगताच लाकूड मागं ओढलं.